आईची परिक्रमा: घरच्या नोंदी

प्रकल्प: आईची पायी नर्मदा परिक्रमा, घरून पाठपुरावा. ठिकाण प्रतापनगर, नागपूर. वही माझ्याकडे, नकाशा बाबांकडे, पैसे आणि तिकिटं दादाकडे (तो पुण्यात असतो).

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आईचं पक्कं झालं. निवृत्त होऊन तिला सव्वा वर्ष झालं. परिक्रमेचं ती त्याच्याही आधीपासून बोलायची, म्हणून आम्ही कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आज जेवताना म्हणाली, "वीस तारखेला मतदान करते आणि निघते." सोबत तिच्या शाळेतल्या मावशी. दोघींची तिकिटंही काढून झाली होती. बाबांचा हात पोळीवरच थांबला. "गुडघ्याचं काय करशील?" आई म्हणाली, "तो पण येईल ना सोबत."

रात्री बसून ढोबळ हिशेब केला. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २६२४. कुठे समुद्रात नाव आहे, कुठे धरणाच्या पाण्याला वळसा आहे. आम्ही २६०० धरले. रोज सरासरी सोळा-सतरा चालली तर मे उजाडेल. दादा फोनवर नुसता "अरे बाप रे" म्हणत होता.

नियम आईने स्वतः वहीत लिहून दिले. नदी कायम उजव्या हाताला. नर्मदा कुठेही ओलांडायची नाही, उपनद्या ओलांडल्या तर चालतात. मिळेल ते खायचं, मिळेल तिथे आसन लावायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

नकाशा झाला. बाबा जलसंपदा विभागात आरेखक होते, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला करू देणं शक्यच नव्हतं. सीताबर्डीवर फ्लेक्स छापून आणला. नदी जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते, त्यामुळे नकाशा नऊ फूट लांब आणि जेमतेम तीन फूट उंच झाला. हॉलमधलं घड्याळ काढून तिथे लावला. वर बाबांनी शाईने धरणं काढली: बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. सुरुवात नर्मदापुरमहून, म्हणजे जुन्या होशंगाबादहून, कारण आपल्याला तेच सोयीचं. इटारसीच्या थोडं पुढे, गाडीतून उतरलं की घाट.

आईची सॅक भरून वजन केली. ९.२ किलो. मी म्हटलं, जास्त होते. ती म्हणाली, सगळंच लागतं गं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सेठानी घाट. गुरुजींनी संकल्प सोडवला, पाच मुलींची पूजा झाली, छोट्या बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घेतलं. ही बाटली आता शेवटपर्यंत तिच्यासोबत. बाबा सगळा वेळ तिच्या बुटांच्या नाड्यांकडे पाहत होते. निघताना एकदा वाकले आणि डावी नाडी सोडून पुन्हा बांधली. आई काही बोलली नाही, पाय पुढे करून उभी राहिली.

एका सेवेकऱ्याने विचारलं, "कितनी मूर्ति हैं?" परिक्रमावासींना इकडे मूर्ती म्हणून मोजतात. आई म्हणाली, "दो." मग दोघी वळल्या आणि घाटाच्या कडेने चालायला लागल्या. आम्ही नऊच्या सुमारास इटारसीहून परतीची गाडी धरली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

हंडिया. सात दिवसांत साधारण ११५ किमी. दोघींच्या पायाला फोड. आई म्हणते, "सुई-दोऱ्याने पाणी काढलं, दोरा आतच ठेवला, मस्त वाटून राहिलं." मला ऐकूनच शहारा आला.

वहीतल्या तक्त्यात मी पाच रकाने केले होते: तारीख, मुक्काम, किमी, तब्येत, खर्च. आज बाबांनी पट्टीने सहावा आखला आणि वर लिहिलं, "आवाज". मी विचारलं, हे काय? म्हणाले, "तब्येत ठीक आहे असं ती रोजच सांगणार. आवाज कसा होता ते लिहून ठेव." आजचा आवाज: थकलेला, पण सुटा.

४ डिसेंबर, बुधवार

चार दिवस झाले, तिला नदी दिसलीच नाही. इंदिरा सागरचं पाणी इतकं पसरलेलं आहे की वाट काठ सोडून दूरवरून, शेतांमधून आणि डांबरी रस्त्याने जाते. ज्या हरसूदचं नाव बाबांच्या पिढीतल्या प्रत्येक पाटबंधारेवाल्याच्या तोंडी आहे, ते २००४ मध्ये याच पाण्याखाली गेलं. आई म्हणाली, "रस्त्यात भेटलेल्या एका बाईने तिकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, माझं माहेर तिथे आहे. आहे, म्हणाली." बाबा फोनवर काही बोलले नाहीत. उठून नकाशावर इंदिरा सागरच्या निळ्या रंगात एक बारीक ठिपका काढला.

आवाज: बारीक.

११ डिसेंबर, बुधवार

ओंकारेश्वर मागे टाकून रावेरखेडी. थोरल्या बाजीरावांची समाधी. २८ एप्रिल १७४० ला ते इथेच नर्मदेकाठी गेले. आईने एकोणतीस वर्षं हा धडा शिकवला आणि आज पहिल्यांदा तिथे उभी राहिली. म्हणाली, "मुलांना मी नुसतं गावाचं नाव सांगायची गं. इथे संध्याकाळी किती शांत असतं ते मला कुठे माहीत होतं!"

आजच सकाळी भट्ट्याणच्या आश्रमातले सियाराम बाबा गेल्याची बातमी आली. परिक्रमावासींची सेवा करणारे आणि कुणाकडूनही दहा रुपयांपेक्षा जास्त दान न घेणारे म्हणून सगळ्या निमाडात त्यांचं नाव. आई परवा तिथे पोचणार होती. मावशी फार रडल्या म्हणे.

आवाज: आईचा चांगला. मावशी फोनवर आल्याच नाहीत.

१६ डिसेंबर, सोमवार

आजची चूक सविस्तर लिहायला हवी, कारण ती माझी आहे.

आईचे पाय सुजून बूट चावायला लागले होते. रोज वीस किलोमीटर चाललं की पाय पसरतात, लांब चालणारे म्हणूनच एक नंबर मोठा बूट घेतात. हे मला निघायच्या आधी कळायला हवं होतं. तिचा नंबर पाच. मी सहाचे घेतले आणि सोबत दोन जोड मोजे घालून स्पीड पोस्टाने महेश्वरच्या एका लॉजच्या पत्त्यावर पाठवले. आई म्हणालीच होती, "सोमवारी महेश्वरला आहे."

ती महेश्वरला होती, पण समोरच्या काठावर. महेश्वर उत्तर तटावर आहे आणि ती चाललीय दक्षिण तटाने. नावडातोडीला उभं राहून तिला अहिल्याबाईंचा किल्ला दिसत होता, घाटाच्या पायऱ्या दिसत होत्या, धुणं धुणाऱ्या बाया दिसत होत्या. बूट तिथेच होते, आणि ती जाऊ शकत नव्हती. नाव आहे, नावाडी आहे, पण एकदा ओलांडलं की परिक्रमा मोडली.

मी दुपारभर फोनवर. लॉजवाले दादा भले निघाले. त्यांनी पोरगा घाटावर पाठवला, पोराने एक नावाडी गाठला, आणि नावाड्याने पुडकं ह्या तटावर आणून दिलं. आई पैसे द्यायला लागली तर म्हणाला, "मैया का काम है." मग तिथेच दगडावर बसून त्याने तिच्या जुन्या बुटाची नाडी ओढून पाहिली आणि विचारलं, हे मी नेऊ का, माझ्या बायकोला होतील. आईचा आवाज हे सांगताना इतका आनंदी होता की मला माझ्या चुकीचं रडूही आलं आणि बरंही वाटलं.

दुरुस्ती: नकाशावर आता दोन दोरे. दक्षिण तट लाल, उत्तर तट हिरवा. कोणतीही वस्तू पाठवताना आधी तट लिहायचा, मग गाव.

२४ डिसेंबर, मंगळवार

बडवानी. मावशींची कंबर धरली. तीन दिवस आराम करूनही उठता येईना. डॉक्टरांनी चालायला साफ मनाई केली. दादाने इंदूरहून तिकीट काढलं.

आई काय करणार, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारला नाही. रात्री तिनेच सांगितलं. खानदेशातल्या चार बायका आणि एक आजोबा, असा गट शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे पुढच्या डोंगराळ जंगलात, शिरतोय. त्यांच्यासोबत ती जाणार. दादा चिडला. "एकटीने काही सिद्ध करायचं आहे का तिला?" असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तू तिलाच विचार. त्याने विचारलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मावशी घरी येऊन गेल्या. आईने परत पाठवलेलं सामान त्यांच्या हाती: स्टीलचा डबा, दुसरा स्वेटर, व्यायामाचा रबरी पट्टा, दोन साड्या, टॉर्च. पावणेतीन किलो. मावशींनी पोहे खाल्ले नाहीत. नकाशाकडे पाठ करून बसल्या होत्या. जाताना दारात म्हणाल्या, "मी तिला एकटीला सोडून आले गं." बाबा म्हणाले, "तुम्ही बडवानीपर्यंत तिला नेलंत." त्या रडतच गाडीत बसल्या.

आईचा काल पाटी गावाहून फोन होता. पुढे आठ दिवस रेंज नाही म्हणतात.

३१ डिसेंबर, मंगळवार

फोन नाही, पाच दिवस झाले.

पूर्वी नदीकाठाने वाट होती. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, त्या पाण्याखाली काठ गेला आणि वाट सातपुड्याच्या डोंगरांवर चढली. बाबांनी समोच्च रेषा काढून मला दाखवल्या. एक डोंगर चढायचा, उतरायचा, ओढा, परत चढायचा. ह्या झाडीत पूर्वी परिक्रमावासींना लुटायचे, अंगावरचं कापडसुद्धा ठेवत नसत; आता तसं नाही असं सगळेच सांगतात. पण रात्री दोन वाजता "आता तसं नाही" ह्या वाक्याचा काही उपयोग होत नाही.

दादाचे दिवसात सहा फोन. पोलिसांत कळवू या म्हणतो. बाबा नकाशावरची टाचणी पाटीवरून हलवत नाहीत. अंदाजाने पुढे सरकवू या म्हटलं तर म्हणाले, "माहीत नाही तर नाही."

गल्लीत पोरांनी बारा वाजता फटाके लावले. बाबा आणि मी गॅलरीत उभे होतो. सहावा रकाना पाच दिवस कोरा.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

रात्री ९.४० ला अनोळखी नंबर. "नमस्कार, मी धडगावहून बोलतोय. आश्रमशाळेत शिक्षक आहे. तुमच्या आई आज आमच्याकडे मुक्कामाला आहेत. फोन देतो, घ्या."

फोन देतो! मला पुढचं काही सुचेना, मी फोन सरळ बाबांच्या हातात दिला. नंतर ऐकलेलं लिहून ठेवते. धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्हा. नर्मदा महाराष्ट्राला तेवढ्याच कोपऱ्यात शिवते. दीड महिन्याने तिला मराठी पाट्या दिसल्या. एका पाड्यावर म्हातारीने स्वतः जमिनीवर झोपून खाट आईला दिली. खानदेशातल्या बायका रोज चढावर अहिराणी गाणी म्हणतात, त्यामुळे गुडघ्याकडे लक्ष जात नाही. एका उतारावर ती घसरली, तळहात सोलला, आता खपली धरली आहे.

बाबांनी एकच विचारलं, "जेवली?" मग बराच वेळ नुसतं ऐकत होते.

आवाज: बाबांनी स्वतः लिहिलं. "पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत. घाई नाही."

१४ जानेवारी, मंगळवार

गोऱ्याहून पुढे, अंकलेश्वरच्या अलीकडे. गुजरातेत सगळं आभाळ पतंगांनी भरलेलं. आपल्याकडेही सकाळपासून "ओ काट" चाललंय. बाबांनी तिळाच्या वड्या स्वतः केल्या. पाक जास्त झाला, वड्या दगडासारख्या झाल्या. फोटो काढून आईला पाठवला तर तिने शेजारच्या बायकांना दाखवला.

१९ जानेवारी, रविवार

समुद्र झाला. विमलेश्वरला दोन दिवस थांबावं लागलं, गर्दी होती आणि नाव भरतीवर सुटते. पहाटे तीनला उठवलं, चिखलातून गुडघाभर पाण्यात चालत नावेत. चारेक तासांनी मिठीतलाई. नदीचं मुख समुद्रातून ओलांडतात, तेवढंच चालतं. उजव्या हाताला नदी तशीच राहते, फक्त माणूस उत्तर तटावर येतो. बाबांनी लाल दोरा तोडला, गाठ मारली आणि हिरवा सुरू केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नर्मदा जयंती. गरुडेश्वर. टेंबे स्वामींची समाधी इथली, १९१४ ची, त्यामुळे मराठी माणसांची ये-जा भरपूर. आई चार दिवस थांबली. तिने जयंतीला स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या. "अडीच महिन्यांनी लाटणं हातात घेतलं," म्हणाली. रात्री पाण्यात सोडलेल्या दिव्यांचा व्हिडिओ आला. त्यात ती नाही, पण मागे तिचा आवाज आहे, कुणाला तरी "सांभाळून, पायरी निसरडी आहे" सांगतेय. शाळेतला आवाज.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कुक्षीच्या अलीकडे एका धर्मशाळेत. उजव्या घोट्याला सूज, बूट चढत नाही. खानदेशचा गट पुढे गेला. तिनेच जा म्हटलं. संध्याकाळचा फोन सव्वा मिनिटाचा.

"अहो, येऊ का परत?"

बाबा काही बोलले नाहीत, स्पीकर चालू होता, मी पण नाही. मग तीच म्हणाली, "राहू द्या, उद्या बोलू," आणि ठेवला.

ह्या तीन महिन्यांत आम्ही दोघांनी, दादाने, आतून कितीदा हेच मागितलं असेल. ती परत यावी. आणि आता ती विचारते तर "ये" म्हणवेना. बाबा रात्री म्हणाले, "मी ये म्हटलं तर ती माझ्यासाठी येईल. नको म्हटलं तर माझ्यासाठी चालेल. दोन्ही बरोबर नाही." मग मला म्हणाले, "तू जा. काही सांगू नको. नुसती जा."

१७ ते १९ फेब्रुवारी

वंदे भारतने इंदूर, पुढे धारवरून बसने कुक्षी. तट उत्तर, दोनदा तपासला.

आई ओसरीत बसलेली. मी तिला आधी ओळखलंच नाही. चेहरा काळवंडलेला, गालांची हाडं वर आलेली, केस बारीक कापलेले. माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "तुझे बाबा कसे आहेत? त्यांनी पाठवलं ना?"

तिचे पाय मांडीवर घेऊन तेल लावलं. अंगठ्यांची नखं काळी, डाव्या पायाचं एक गळून खाली नवीन येतंय, पातळ, गुलाबी, बाळाच्या नखासारखं. टाचेला भेगा, त्यात माती इतकी बसली आहे की घासून निघत नाही. तळवा मात्र मऊ राहिलेला नाही, चामड्यासारखा झाला आहे, बोट दाबलं तर तिला लवकर कळतही नाही. ह्या पायांनी ती मला शाळेत सोडायला यायची. उजवा घोटा कढत होता.

डॉक्टर आले, शिरा ताणल्या आहेत म्हणाले, हाड ठीक, पाच दिवस पाय वर ठेवा.

जेवायला मक्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी. "बघ, आपल्यासारखीच," आई म्हणाली, "फक्त इकडे तेल कमी." मी तिला काही सांगितलं नाही, विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून बोलली. पाय दुखत होता म्हणून परत यावंसं वाटलं नव्हतं. खानदेशच्या बायका गेल्या त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं आसन लावलं आणि शेजारी कोणी नव्हतं. "तेव्हा मला मावशींचं वाटलं गं. बडवानीला त्या खोलीत एकट्या झोपल्या होत्या, आणि मी सकाळच्या निघायच्या तयारीत होते. मी नीट बसले पण नाही त्यांच्याजवळ."

मी म्हटलं, "नागपूरला आलीस की बस."

ती बराच वेळ नदीकडे पाहत होती. मग सॅक उघडायला लावली आणि आणखी काय काढता येईल ते बघायला लागली. पावणेपाच किलो उरली. तेव्हा मला कळलं की ती निघणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

निघाली. आज फक्त सहा किमी. आवाज: बरा.

१ मार्च, शनिवार

महेश्वर, ह्यावेळी खरोखर महेश्वर. घाटावर बसून पलीकडची नावडातोडी पाहत होती. लॉजवाल्या दादांना जाऊन भेटली, त्यांनी चहा पाजला. नावाडी सापडला नाही, त्याच्यासाठी नारळ ठेवून आली.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

ग्वारीघाट, जबलपूर, उत्तर तट. दादा, वहिनी आणि पिंट्या पुण्याहून नागपूरला आले आणि आम्ही सगळे पहाटे चारला गाडीने निघालो. सिवनीवरून साडेपाच तास लागले. आईच्या चालायच्या काठीलाच गुढी उभारली. बाबांनी घरून रेशमी खण, कडुनिंब, साखरेची गाठी आणि तांब्या आणला होता. घाटावरच्या लोकांना ते काय आहे कळेना. एक पंडा विचारत होता, ये कौन से देवता हैं?

दादाने आईच्या पायाला हात लावला आणि तसाच खाली बसून राहिला. बडवानीपासून तो तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. पिंट्याने आजीला विचारलं, तू हरवली होतीस का? आई म्हणाली, नाही रे, तुझ्या बाबाला माझा पत्ता माहीत होता.

बाबांनी एक गोष्ट आज सांगितली. जानेवारीपासून ते रोज पहाटे फुटाळा तलावापर्यंत जाऊन येतात. मला वाटायचं दूध आणायला जातात.

१५ एप्रिल, मंगळवार

अमरकंटक. मंडल्यापासून जंगलभर मोहफुलांचा वास, टेंभरं पिकलेली, आई सांगत होती की वाटेत पोरं ओंजळभर देतात. ऊन आता सोसवत नाही. पहाटे चारला निघते, नऊला बसते, संध्याकाळी थोडं. इथे नागपुरात पारा चाळिशीच्या वर आहे, आमचे कूलर लागले.

समुद्राजवळ जी नदी ओलांडायला नावेने चारेक तास लागले, ती इथे एका ढांगेत ओलांडता येईल एवढी आहे. "पाय उचलायचा आणि झालं," आई म्हणाली, "आणि तोच उचलायचा नाही." उगमाजवळच्या माई की बगियाच्या मागून वळसा घेऊन ती पुन्हा दक्षिण तटावर आली. हिरवा दोरा संपला, लाल परत सुरू.

१० मे, शनिवार

रोज दहा-बारा किमीच. बर्मानच्या पुढे. दोनदा पावसाने गाठलं. फार लिहिण्यासारखं नाही. ती चालतेय, आम्ही टाचणी सरकवतोय. आवाजाचा रकाना बाबाच भरतात आणि आता मला दाखवत नाहीत.

२१ मे, बुधवार

नर्मदापुरम. १८१ वा दिवस. आम्ही सेठानी घाटाच्या आधीच्या वळणावर उभे होतो. ती आली ती एकटी, डोक्यावर ओला पंचा, चाल अगदी सावकाश. आम्हाला पाहून वेग वाढवला नाही. जवळ आली, काठी बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "धरा जरा." मग नदीत उतरली.

कन्याभोजन, कढाई, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद. परवा ओंकारेश्वरला जाऊन बाटलीतलं पाणी वाहायचं, मग घरी. तेव्हा पुलावरून नदी ओलांडता येईल. रात्री गाडीत तिने विचारलं, "आता चालतं ना गं?"

२५ मे, रविवार

आई आल्यापासून गादीवर झोपत नाहीये, खाली चटईवर. पहाटे साडेतीनला उठते. आज बाबा पण उठले आणि दोघं बाहेर गेले. साडेसहाला आले, हातात दूध होतं.

दुपारी मावशी आल्या. आईनेच फोन केला होता. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये आल्या. आई त्यांच्याजवळ खाली बसली, हात हातात घेऊन, आणि दोघी बराच वेळ बोलल्याच नाहीत. मी आत पोहे परतत होते.

मग मावशी उठल्या आणि नकाशापाशी गेल्या. बडवानीच्या टाचणीवर बोट ठेवलं. तिथून लाल दोऱ्यावरून बोट हळूहळू पुढे नेत धडगावपर्यंत आणलं.

"पाटीच्या पुढे पहिला चढ केवढा आहे गं?"

"पहिला काही नाही," आई म्हणाली आणि उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली. "दुसरा. हा इथला. इथे पाणी भरून घ्यायचं, पुढे ओढ्याला नसतं. अहो, ते समोच्च रेषांचे कागद कुठे ठेवलेत?"

बाबा कपाट उघडायला गेले.